कुपा कुठं सापडला

वडखळ, ता. पेण
११ मार्च १९९६

लतिकाताईंना पुतळीचा नमस्कार.

ओळख पटते का बघा. रोह्याला तुमच्या ओटीवर माझी आय गोदूबाई मीठ नि सुकी मासळी घेऊन यायची, मी तिच्या मागं. तुम्ही मला पाटीवर अक्षरं गिरवाय लावलीत म्हणून चौथीपर्यंत तरी गेले. आता मला वडखळच्या पलीकडं खाडीवरच्या गावात दिलीय. आय सांगत होती, तुम्ही मुंबईला सरकारच्या मासळीच्या हापिसात असता नि शनिवारी घरला येता. म्हणून रोह्याच्याच पत्त्यावर टाकते.

माझी ऋतुजा अकरा महिन्यांची हाय. तिचे बाबा परदेशी बोटीवर गेलेत, त्याला आठ महिने झाले. कंपनी मुंबईची, बोट बाहेरची, कप्तान बाहेरचा. त्यांच्या बोटीवर कासूचे पोपटभावजी होते. पोटात दुखाय लागलं म्हणून त्यांना मधेच उतरवलं, ते आठवड्यामागं घरी आले. त्यांच्या हाती यांनी कागदात गुंडाळून एक पिवळी काडी धाडली. प्लास्टिकची हाय, बोटाहून थोडी लांब, सुतळीएवढी जाड. अंगावर इंग्रजी अक्षरं हायत नि आकडा हाय, ४७१६. एका टोकाला काटा.

माझी सासू ठमाबाई, तिनं काडी उलटीसुलटी करून बघितली नि म्हणाली, "बेटावरच्या कुठल्या पिराची हाय गो ही. बघ, मंतरून अक्षरं घातलीत. बाप लांब, पोरीला राखण नको?" नि पोरीच्या कमरेच्या करगोट्यात ओवून बांधली पण. चौथ्या दिवशी पोर तापली. काटा टोचून कमरेला लाल चट्टा आलाय. मी म्हटलं काढूया. तर म्हणते, "काढ. नि तिकडं माझ्या लेकाला काय झालं तर तूच जा समुद्रात पवत, आण त्याला."

ठेवली तर पोरीचं भ्या, काढली तर यांचं भ्या. तुम्ही त्यावर काय लिवलंय तेवढं सांगा. अक्षरं जशी दिसतात तशी दुसऱ्या कागदावर काढून देते, खाली यांच्या बोटीचं नाव पण घातलंय.

पुतळी

•

रोहा
१७ मार्च १९९६

पुतळी,

ओळख न पटायला काय झालं? तेव्हा 'ळ' उलटा काढायचीस, अजून तसाच काढतेस.

आधी ती काडी पोरीच्या कमरेची काढ. हे पत्र पुढं वाचायच्या आधी काढ. ऋतुजाला पेणला डॉक्टरकडं ने आणि टोचलेली जागा दाखव. ठमाबाईंना सांग, लतिका सरकारी माणूस आहे, तिचं ऐकावं लागतं.

काढलीस? आता ऐक. ती कुठल्या पिराची नाही, माशाची आहे. तुमच्याकडं कुपा म्हणतात ना, त्या मोठ्या कुप्याची. मालदीव नावाचा बेटांचा देश आहे, आपल्या खाली, दक्षिणेला. तिथल्या मासळी खात्याची माणसं कुपा जिवंत धरतात, मोजतात, पाठीत अशी काडी टोचतात आणि सोडून देतात. पुढं तो ज्याच्या गळाला लागेल त्यानं काडी काढून कळवायचं : कुठं सापडला, कधी सापडला, केवढा होता. काडीवर कोलंबोचा पत्ता आहे. तिथं सगळ्या देशांचं मिळून कुप्याचं काम चालतं.

कुपा एका देशाचा नाहीच मुळी. आज मालदीवला, चार महिन्यांनी आपल्याकडं, नंतर आफ्रिकेकडं. एकानं जपून मारला आणि दुसऱ्यानं ओरबाडून नेला तर कोणालाच उरायचा नाही. म्हणून या वर्षी देशांनी मिळून एक आयोग केलाय. कोणी किती मारायचा, कुठं थांबायचं, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. पण मासा कुठून कुठं जातो हेच माहीत नसेल तर ठरवणार काय? ते सांगायला या काड्या. हजारो टोचतात तेव्हा थोड्या परत येतात. तुझ्या घरी एक आली आहे.

काडी मला पाठव. तुझ्या नवऱ्यानं, दत्तात्रेयानं, बरोबर काही लिहिलंय का? दिवस आणि जागा हवी. जागा नसेल तर काडी कचऱ्याच्या किमतीची.

लतिका

•

वडखळ
२५ मार्च १९९६

लतिकाताईंना नमस्कार.

काडी काढली. सासू दोन दिवस माझ्याशी बोलली नाय, मंग पोरीचा ताप उतरला तशी बोलाय लागली. म्हणते, "माशाच्या पाठीतली होती तर आधी सांगायचं ना." जसं काय मला ठाऊक होतं.

तुम्ही लिवलं ते मला समजलं. आमच्या खारबंदिस्तीसारखं हाय. खाडीच्या बांधाचा तुकडा घरटी वाटून दिलेला असतो. आपल्या तुकड्यात खेकड्यानं भोक पाडलं तर त्याच दिवशी गावात सांगायचं, नायतर बांध फुटून खांड जाते नि खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. सांगणाऱ्याला कोण बोल लावत नाय. तुमच्यात पण तसंच का? म्हंजे सांगणाऱ्याला काय होतं? त्या बोटीला विचारतात का, कुठं गेला होतात? बोटीवरच्या माणसांना बोलावतात का?

यांची चिठ्ठी होती. भिजली, वाचता येत नाय. पोपटभावजींना विचारलं. ते म्हणाले तारीख १९ जानेवारी. जागा मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासनं दोन दिवसांवर. मासा आपल्या सहा वर्षांच्या पोराएवढा.

काडी पाकिटात घातलीय. आमचं नाव कुठं छापून येईल का तेवढं कळवा.

पुतळी

•

रोहा
३१ मार्च १९९६

पुतळी,

काडी मिळाली. नाव कुठं छापत नाहीत. कोणी विचारायला येत नाही. बोटीला परवाना आपल्या समुद्राचा आहे आणि मासा आपल्या समुद्रात मिळाला, मग भ्यायचं काय?

बोटीचं नाव घालून मी फॉर्म भरला. तुझ्या सांगण्यावरून, आणि खाली माझी सही. मालदीवची काडी मुंबईच्या पश्चिमेला मिळाल्याचं आमच्या हापिसाला नवल वाटलं. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर तिथं लाल ठिपका दिला. पुढच्या बैठकीला ही नोंद जाणार आहे.

काडी पाठवणाऱ्याला ते एक सदरा देतात, त्यावर कुप्याचं चित्र असतं. तुझ्या पत्त्यावर येईल. दत्तात्रेयाला ठेव.

खेकड्याच्या भोकाचं मी हापिसात सगळ्यांना सांगितलं. एवढं सोपं करून आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

लतिका

•

वडखळ
९ जुलै १९९६

लतिकाताई,

बरेच दिवस लिवलं नाय. सदरा आला. सासूनं पेटीत ठेवला.

काल कंपनीचा माणूस मोटारसायकलवरनं आला. ओटीवर बसला, चहा घेतला, नि म्हणाला, "बाई, वाईट बातमी आहे. तुमचा नवरा कोचीनला बोटीवरून उतरला तो परत आलाच नाही. पळाला. पोरं पळतात तशी. तिकडं एखादी धरली असंल."

सासू भाकऱ्या टाकत होती ती तशीच पिठाच्या हातानं भायर आली. "माझा लेक पळायचा असता तर मांडवातनंच पळाला असता, तेव्हा पण भित होता. आता पोरगी झाल्यावर पळंल व्हय?"

तो हसला नि कागद ठेवून गेला. पळालेल्या माणसाशी कंपनीचा संबंध नाय, असं लिवलंय. ३ जूनपासनं ते बोटीवर नायत म्हणे.

मला पळाले असं वाटत नाय. पण मंग कुठं हायत? महिना झाला. तुमची सरकारी माणसं समुद्रात असतात. कुठं विचारता येईल का? पोरीला पाय फुटलेत. ओटीच्या पायरीपाशी जाऊन उभी राहते.

पुतळी

•

रोहा
१४ जुलै १९९६

पुतळी,

धीर धर. कोचीनच्या हापिसात माझ्या ओळखीच्या बाई आहेत, त्यांच्याकडून बंदरात चौकशी करून घेतली. बोट मे-जूनमध्ये कोचीनला लागलीच नव्हती. मग तो उतरला कसा?

कंपनी काहीतरी लपवते आहे, पण काय ते मला कळत नाही. पोपटला गाठ. बोटीवरचं कोणी त्याला भेटतं का विचार. आणि तुला आणखी काही ठाऊक असेल तर ते सगळं लिही, फालतू वाटलं तरी लिही.

लतिका

•

वडखळ
२२ जुलै १९९६

लतिकाताई,

आज पाया पडून लिवते. वाचून झालं की मला काय बोलायचं ते बोला.

पोपटभावजी मुंबईला धक्क्यावर गेले होते. त्यांना बोटीवरचा एक जण भेटला. त्यानं सांगितलं, हे पळाले नायत. बोट बेटांजवळ गळ टाकून होती. दोराचा तरंगता बोया अडकला म्हणून यांना छोट्या होडीत उतरवलं, सोडवाय. तेवढ्यात लांबून गस्तीच्या बोटीचा उजेड दिसला. कप्तानानं गळाचा दोर तोडला, होडीचा दोर तोडला, दिवे मालवले नि निघाला. बाकीचे ओरडले, माणूस हाय माणूस हाय. त्यानं सांगितलं, गप बसा, नायतर तुम्ही पण उतरा. ती ३ जून.

भावजी सांगताना माझ्याकडं बघत नव्हते. सासू भिंतीला टेकून खाली बसली. मी पोरीला भरवत होते ते भरवतच राहिले. काय करणार.

आता माझं ऐका. यांची चिठ्ठी भिजली नव्हती. माझ्यापाशी होती. मी खोटं सांगितलं. त्यात लिवलं होतं : १९ जानेवारी, बेटांचे दिवे दिसत होते, जागा दाखवायच्या मशीनवर उत्तर सहा, पूर्व बहात्तर. कप्तान अशा काड्या पाण्यात फेकतो, ही मी लपवली, कोणाला दाखवू नको. मी पोरीच्या तापापायी तुम्हाला दाखवली. मंग तुम्ही जागा विचारलीत तेव्हा घाबरले. बोट दुसऱ्यांच्या पाण्यात चोरून जाते हे कळलं तर पोलीस पहिलं यांनाच धरतील, कप्तानाला कळलं तर तो यांना समुद्रात ढकलंल, असं डोक्यात आलं. मुंबईच्या पश्चिमेला हे पोपटभावजींनी सांगितलं नाय. मीच घातलं. परवाना तिकडचा हाय हे मला ठाऊक होतं.

बांधाचं मीच तुम्हाला लिवलं होतं. नि माझ्याच तुकड्यातलं भोक मी पानं टाकून झाकलं.

चिठ्ठी याच्यात घातलीय. सदरा पण परत देते, खोटं सांगून मिळालेला घरात नको. आता ते जित्ते असतील तर त्या बेटांकडंच असतील. सगळीकडं खरं सांगा. माझं नाव घाला पाहिजे तर.

पुतळी

•

रोहा
२८ जुलै १९९६

पुतळी,

पत्र मिळालं. चिठ्ठी मिळाली.

सोमवारी मी साहेबांपुढं जाऊन तो ठिपका पुसायला सांगणार आहे. त्या ठिपक्यावर बैठकीत दोन माणसांनी भाषणं केली आहेत. मला काय ऐकावं लागेल ते लागेल.

चिठ्ठीची नक्कल आणि दुरुस्त फॉर्म कोलंबोला पाठवते. मालदीवच्या मासळी खात्यात, जिथून काडी टोचली तिथं, मी स्वतः वेगळं पत्र लिहिते : ही बोट तुमच्या पाण्यात येते, आणि ३ जूनला तिनं एक माणूस मागं सोडला आहे.

सदरा ठेव. मला नको.

लतिका

•

रोहा
२५ ऑगस्ट १९९६

पुतळी,

आधी हे : दत्तात्रेय जिवंत आहे. उत्तरेकडच्या एका बेटावर आहे. खातोपितो आहे. ठमाबाईंना वाचून दाखव आणि मग पुढचं वाच.

मालदीवच्या मासळी खात्यातल्या बाईंचं उत्तर आलं. मासे मारणाऱ्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी होडीत बेशुद्ध पाहिलं आणि बेटावर नेलं. उजव्या हातात गळ घुसून हात सुजला होता, म्हणून त्याला घरी लिहिताही आलं नाही. जवळ पासपोर्ट नाही, नळी म्हणतात ते खलाशाचं पुस्तक नाही, सगळं कप्तानाकडं. त्यानं बोटीचं नाव सांगितलं. तिथल्या पोलिसांनी जूनमध्येच कंपनीला विचारलं होतं. कंपनीनं कळवलं, आमची बोट मुंबईच्या पश्चिमेलाच असते, तिकडं कधी येतच नाही, हा माणूस आमचा नाही.

पोलिसांनी मासळी खात्याला विचारलं, या बोटीबद्दल तुमच्याकडं काही आहे? खात्यानं नोंदी काढल्या. एकच निघाली. काडी ४७१६, मुंबईच्या पश्चिमेला. म्हणजे कंपनी खरं बोलते, असा अर्थ त्यांनी लावला. माझ्या सहीचा फॉर्म होता तो.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिते. दुरुस्ती पोचल्यावर चौकशी पुन्हा उघडली आहे. सप्टेंबरअखेर त्याला जबाब द्यायला बोलावतील, बोट आत आली होती का नाही ते. मग त्याला पाठवतील, कधी ते सांगता येत नाही.

त्याचं पत्र येईल. मी पत्ता कळवला आहे.

मागच्या पत्रात मी तोडून लिहिलं. वीस वर्षांची तू, घरात तान्ही पोर, आणि मी जागा विचारत बसले होते.

लतिका

•

मालदीव
५ सप्टेंबर १९९६

पुतळी,

डाव्या हाताने लिहितोय, लागलं तर पोपटला वाचाय सांग. मी बरा आहे. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. आईला सांगू नको.

इथली माणसं चांगली आहेत. भाषा कळत नाय पण जेवाय हाक मारतात. ते काठीला गळ लावून कुपा एकेक मारतात, बोटीच्या कडेला ओळीनं उभं राहून. आमची बोट एका खेपेला मैलोन्‌मैल दोर टाकायची. ज्यांच्या पाण्यातला मासा आम्ही चोरला त्यांनीच मला उचललं. हे अजून त्यांना नीट सांगितलं नाय. लाज वाटते.

कंपनीचा माणूस इथं फोनवर बोलला. म्हणाला, मी होडीत झोपलो नि वाहत आलो, बोट भारताच्या पाण्यात होती, एवढं लिहून दे. पंधरा दिवसांत घरी पोचवतो. नळी पण परत देतो, दुसऱ्या बोटीवर घेतो. नाय लिहून दिलं तर नळी विसर, कुठलीच कंपनी घेणार नाय, नि इथं किती दिवस काढायचे ते तू बघ.

तसाच कागद तो तुझ्याकडं पण घेऊन येणार आहे. ऋतुजा कशी दिसते मला आठवत नाय नीट, निघालो तेव्हा तीन महिन्यांची होती. मला घरी यायचं आहे. काय करू ते कळव. तू सांगशील ते करीन.

दत्तात्रेय

•

वडखळ
१६ सप्टेंबर १९९६

ऋतुजाच्या बाबांना,

तुमचं पत्र पोपटभावजींना दाखवलं नाय. मला वाचता आलं, सगळं.

कंपनीचा माणूस येऊन गेला. या खेपेला मिठाई आणली होती. कागद वाचून दाखवला. बायको म्हणून मी पण लिवून द्यायचं, माझा नवरा भारताच्या पाण्यातच कामाला होता. म्हणाला, "ताई, एक सही. गणपतीला नाय आला तर दसऱ्याला दारात उभा." सासूनं पेन माझ्या हातात दिलं. मला पण वाटलं, करावी.

मी त्याला म्हटलं, उद्या या. तो गेला तशी सासू म्हणाली, "उद्यावर कशाला टाकलंस गो? मिठाई कमी पडली व्हय?"

मंग मी तिला सगळं सांगितलं. तुमच्या चिठ्ठीचं, मी खोटं लिवल्याचं, त्या खोट्यापायी तुम्हाला तीन महिने कोणी ओळख दिली नाय त्याचं. तिला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं मारंल. ती म्हणाली, "एकदा लिवलंस तर तीन महिने गेले. परत लिवलंस तर किती जातील?"

तो माणूस तुम्हाला पंधरा दिवसांत आणंल असं मला वाटत नाय. ज्यानं पळाला सांगितलं, आमचा नाय सांगितलं, तो कागद हातात पडल्यावर कशाला आणंल? नि आणलं तर तुम्हाला परत त्याच बोटीवर चढवंल. परत होडीत उतरवंल. मला भ्या वाटतं. सगळ्याचंच वाटतं. कागद नाय लिवला तरी वाटतं. पण हे भ्या मला ठाऊक तरी हाय.

जबाबात खरं सांगा. बोट आत होती सांगा. ज्यांनी उचललं त्यांना आधी सांगा, पोलिसाला मागनं. नळी गेली तर जाऊ दे. डोलवीच्या कंपनीत ठेकेदार माणसं घेतोय, नायतर मिठागर हायच. दोन बोटं वळत नायत ते सासूला सांगितलं नाय.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी मिठाई परत दिली. पुडा फोडला नव्हता.

ऋतुजा तुमच्यासारखी दिसते. रागावली की भुवई एकच वर जाते.

पुतळी

•

रोहा
१० नोव्हेंबर १९९६

पुतळी,

दत्तात्रेय तुतिकोरिनला उतरून घरी पोचल्याचं कळलं. दिवाळीच्या आत आला, चांगलं झालं.

एक विचारते. नको म्हटलंस तर मी पुन्हा विचारणार नाही. मालदीवनं त्याच्या जबाबावर बोटीला बंदी घातली आहे, पण कप्तान म्हणतो ती एकच वेळ होती, वाऱ्यानं ओढलं. डिसेंबरात नव्या आयोगाची माणसं बसतील. दत्तात्रेयाला आठवतील तेवढ्या जागा आणि दिवस हवेत, जिथं जिथं बोटीनं दुसऱ्यांच्या पाण्यात गळ टाकले. कोणत्याही कागदावर चालेल. त्याच्या सहीनं भागेल. लिहिणाऱ्याचं नाव नसलं तरी चालेल, कारण कंपनी वकील लावणार आहे आणि ज्याचं नाव असेल त्याला बोलावतील.

लतिका

•

वडखळ
१८ नोव्हेंबर १९९६

लतिकाताईंना नमस्कार.

हे डोलवीला शिफ्टला जातात, आठ दिवस झाले. डाव्या हातानं फावडं धरतात. रात्री झोपेत दोर ओढतात. पोर पहिले चार दिवस त्यांना बघून रडली, आता डब्याची पिशवी ओढते.

जागा लिवायचं काल संध्याकाळी सुरू केलं. ते सांगत गेले नि मी लिवत गेले. मला वाटलं होतं पाचसहा असतील. एकवीस निघाल्या. मशीनच्या शेजारी उभं राहून चहा द्यायचे ते, आकडे डोळ्यांपुढनं जायचे, सगळे पाठ. बाराव्याला मी म्हटलं, दिवस नक्की तोच का? तर म्हणाले, "त्या दिवशी पोपटला ताप होता. तोच." मंग मी म्हटलं, पोपटभावजींचं नाव नको, त्यांना परत बोटीवर जायचंय. ते म्हणाले, बरं. तो दिवस लिवला, नाव नाय लिवलं.

सोळाव्या जागेला एक रेघ जास्त पडलीय, पोरीनं हात मारला म्हणून. आकडा तीन हाय, आठ वाचू नका.

जिथं यांना नक्की आठवत नव्हतं तिथं तसंच लिवलंय, नक्की नाय. अशा चार हायत. मी म्हटलं, काढून टाकूया का त्या, वकील त्यालाच धरंल. ते म्हणाले, तुला वाटतं तसं कर. मी राहू दिल्या.

सासू दाराशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "झालं का तुमचं? अख्खा समुद्र लिवून काढला व्हय?"

खाली यांची सही हाय, डाव्या हाताची, वाकडी. तुम्ही म्हणालात लिवणाऱ्याचं नाव नको. मी बराच वेळ पेन धरून बसले. टोक कागदावर टेकलेलंच राहिलं म्हणून पहिलं अक्षर जाड आलंय. बोलावलं तर पोरीला घेऊन यावं लागंल, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा.

लिवणार : पुतळी दत्तात्रेय घरत, वडखळ, ता. पेण.